इंजिनाचा ताप आणि त्याचा उतारा

बी. ए. भाग २

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात लिहायचे म्हटले की कविता, प्रवासवर्णन किंवा 'आजचा तरुण कोणीकडे?' यांपैकी काहीतरी लिहावे असा एक संकेत आहे. मी यंदा तो मोडतो आहे. मी इंजिनावर लिहिणार आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी हसू नये. आमच्या घरची चूल गेली एकवीस वर्षे एका इंजिनावरच पेटते आहे. माझे वडील परतवाडा ते चिखलदरा या रस्त्यावर जीप चालवतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आणि त्या पायरीवर ठेवलेला पाय मागे घ्यावा लागतो की काय, अशी वेळ आली होती तीही इंजिनामुळेच. ती हकीकत आधी सांगतो, कारण या लेखातला प्रश्न तिच्यातूनच निघाला आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. माझा बारावीचा निकाल लागायचा होता. लग्नसराई जोरात होती आणि वऱ्हाडात वऱ्हाड वाहून नेणे हा आमच्याकडच्या जीपवाल्यांचा मे महिन्याचा मुख्य धंदा. दर्यापूरकडची पाहुणेमंडळी लग्न आटोपून चिखलदऱ्याला निघाली होती. मी क्लीनर म्हणून पुढे बसलो होतो. धामणगाव गढी मागे पडली, घाट लागला आणि चार-सहा वळणे चढल्यावर बाबांनी एकाएकी गाडी बाजूला घेतली. मी काट्याकडे पाहिले, तर तो नुकताच सरकू लागला होता.

"काटा हलायच्या आंधी वास येते, बापू. काट्याले उशिरा समजते," ते म्हणाले.

ते खाली उतरून चाकामागे दगड लावत होते तेवढ्यात मी शहाणपणा केला. बोनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला फडके लावले आणि ते फिरवले. पुढच्या क्षणी उकळत्या पाण्याचा फवारा माझ्या हातावर आला. उजव्या मनगटावरचा डाग आजही आहे. पाहुणे दुसऱ्या गाडीने गेले. आमची जीप दोराने ओढून खाली आणावी लागली. हेडची गॅसकेट गेली होती, हेड वाकले होते आणि इंजिनातले तेल पाणी मिसळून ताकासारखे पांढरे झाले होते. ऐन हंगामातले तीन आठवडे गाडी उभी राहिली. माझ्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे हेडमध्ये गेले. पुढे आईने बचत गटातून उचल घेतली आणि मी या महाविद्यालयात आलो.

पैसे गेले याचे दुःख होतेच. पण माझ्या डोक्यात निराळाच प्रश्न घोळत होता. गाडी तापू नये म्हणून आदल्याच उन्हाळ्यात एका गॅरेजवाल्याने तिचा थर्मोस्टॅट काढून फेकला होता. "हे थंड्या मुलकासाठी असते, भाऊ. आपल्या इकडे याचं काय काम?" असे त्याने सांगितले होते आणि बाबांना ते पटले होते. मलाही पटले असते. मग तापू नये म्हणून उपाय केलेली गाडी आधीपेक्षा जास्त का तापली?

अमरावतीच्या आय. टी. आय. मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणारा माझा आत्येभाऊ आणि आपल्या ग्रंथालयातली धूळ खात पडलेली दोन पुस्तके यांच्या मदतीने मला जे समजले, ते येथे सांगतो.

तापाचा जमाखर्च

इंजिन म्हणजे उष्णतेकडून काम करून घेणारे यंत्र. डिझेल जळते तेव्हा आतल्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ज्या अल्युमिनियमचा पिस्टन असतो ते ६६० अंशांना वितळते. तरीही पिस्टन वितळत नाही, कारण ती आग मिनिटाला शेकडो वेळा पेटते आणि विझते, आणि मधल्या वेळात उष्णता वाहून नेण्याची व्यवस्था केलेली असते.

ढोबळ हिशेब असा आहे. शंभर रुपयांच्या डिझेलपैकी तेहतीस-चौतीस रुपयांचे काम चाकांकडे जाते, तेवढेच धुराबरोबर सायलेन्सरमधून जातात आणि उरलेले पाणी, तेल व हवा यांच्या वाटे बाहेर पडतात. म्हणजे शेतकऱ्याच्या जमाखर्चासारखेच : पिकवायचे एकाने आणि वाटेकरी दोन.

हे पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरते, तापून रेडिएटरमध्ये येते, तेथे बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या हवेने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. साहजिकच आपल्याला वाटते की पाणी जितके गार तितके इंजिन सुखी. येथेच आपली सर्वांची फसगत होते. इंजिनातले भाग घडवताना ते ठरावीक तापमानाला किती फुगतील याचा हिशेब करून त्यांच्यात फटी ठेवलेल्या असतात. तेलाचा पातळपणाही त्याच तापमानाला धरून ठरवलेला असतो. बहुतेक गाड्यांत पाण्याचे हे योग्य तापमान ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असते. आपल्या अंगाचे जसे ३७ अंश, तसे इंजिनाचे हे. अंग १०४ फॅरनहाइटवर गेले तर आपण घाबरतो; पण ते ९४ वर उतरले तर निश्चिंत होत नाही, उलट अधिकच घाबरतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र आपण दुसरी भीती विसरतो.

अकोल्यात गारठलेले इंजिन

या विसराचा उत्तम नमुना मला सापडला तो भर अकोला जिल्ह्यात. अकोल्याची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेथे ४७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा जिल्ह्यात एखादे इंजिन थंडीने आजारी पडेल असे कोणाला वाटेल?

पातूरकडे माझ्या मामांची चार एकर ओलिताची जमीन आहे. विजेचा भरवसा नाही म्हणून विहिरीवर डिझेल इंजिन अजून ठेवलेले आहे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत असली इंजिने महाराष्ट्रातल्या विहिरींवर दिसू लागली. मोटेची जागा त्यांनी घेतली. मामांच्या इंजिनाला थंड ठेवण्याची रीत अगदी सोपी आहे. पंपाने उपसलेल्या पाण्यातून एक बारीक नळी इंजिनात सोडलेली, आणि इंजिनातून निघालेले पाणी पाटात जाते. ना रेडिएटर, ना पंखा.

"हात ठेवून पाय, भाचे. कसं गार आहे," मामा मोठ्या अभिमानाने म्हणाले. मी हात ठेवला. मे महिन्याच्या दुपारी इंजिनाचे अंग कोमट होते आणि बाहेर पडणारे पाणी आंघोळीला घ्यावे इतपतच ऊन होते. आणि याच इंजिनाचे लायनर व रिंगा मामांना वारंवार बदलाव्या लागत होत्या, डिझेलही जास्त जात होते. दोष ते डिझेलवाल्याला देत होते.

कारण असे आहे. एक लिटर डिझेल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर ही वाफ धुराबरोबर निघून जाते. सिलिंडरच्या भिंती गार असतील तर तिचे तेथेच दव होते. डिझेलमध्ये थोडाफार गंधक असतोच. त्याचा धूर या दवात विरघळला की आम्ल बनते आणि ते लोखंड खाते. शिवाय गार भिंतीवर डिझेल नीट जळत नाही. न जळालेले डिझेल भिंतीवरचे तेल धुऊन काढते व खाली उतरून तेलात मिसळते. म्हणजे रिंगा एकीकडून आम्लाने झिजतात आणि दुसरीकडून तेलावाचून.

उपायाला पैसे लागले नाहीत. त्या बारीक नळीला एक कॉक बसवला आणि पाणी कमी केले. इंजिनातून निघणारे पाणी साधारण ६० ते ७५ अंशांवर असावे. थर्मामीटर नसेल तर त्यात बोट क्षणभरच ठेववेल इतके ते गरम असावे. मामांना पहिले आठ दिवस झोप लागली नाही. "इंजिन जळीन रे," असे ते दर दिवशी फोनवर म्हणत. आता म्हणत नाहीत.

मेणाचा पहारेकरी

विहिरीवरच्या इंजिनाचे ओझे सारखे असते. कॉक एकदा लावला की काम भागते. गाडीचे तसे नाही. ती सकाळी गार असते, सपाट रस्त्यावर निवांत चालते, घाटात कण्हते. तिला असा कॉक हवा की जो स्वतःच उघडेल आणि स्वतःच मिटेल. तोच थर्मोस्टॅट.

मुठीत मावेल एवढी ही वस्तू. आत पितळेच्या डबीत मेण भरलेले असते. पाणी गार असते तोवर मेण घट्ट असते, झडप मिटलेली असते आणि पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरते. त्यामुळे इंजिन लवकर तापते. पाणी सुमारे ८२ अंशांवर आले की मेण वितळते, फुगते, दांडा ढकलते आणि झडप उघडते. पुढे ऊन वाढेल तशी ती अधिक उघडते. म्हणजे हा पहारेकरी हिवाळ्यात रेडिएटरची वाट अडवतो आणि उन्हाळ्यात ती पूर्ण मोकळी करून देतो. "आपल्या इकडे याचं काय काम" या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे. आमच्या जीपचा थर्मोस्टॅट गेल्यापासून डिसेंबरच्या सकाळी ती चिखलदऱ्याहून उतरताना तापतच नसे, आणि डिझेल मात्र जास्त पीत असे.

उरलेले अर्धे उत्तर आत्येभावाने इंजिन उघडल्यावर दाखवले. आमच्या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. एक रेडिएटरकडे जाते. दुसरी आखूड बगलेची वाट आहे. तिने पाणी न निवता तसेच इंजिनात परत येते. गार इंजिनात ही दुसरी वाट उघडी असावी लागते. थर्मोस्टॅटला खालच्या बाजूने एक दुसरी चकती असते. वरची झडप उघडू लागली की ही चकती खाली सरकते आणि बगलेची वाट बंद करते. मग सगळे पाणी रेडिएटरमधून जाते. थर्मोस्टॅटच काढून टाकला की ही वाट कायमची उघडी. पाणी नेहमी सोपी वाट धरते. घाटात इंजिन जेव्हा जिवाच्या आकांताने चढत होते, तेव्हा त्याचे बरेचसे पाणी रेडिएटरचे तोंडही न पाहता तापलेलेच परत येत होते.

कोडे सुटले. जो पहारेकरी आम्ही अडवणूक करणारा म्हणून हाकलला होता, तोच आडवाटही सांभाळत होता.

घाट, ऊन आणि खारे पाणी

पण एकट्या थर्मोस्टॅटच्या माथी सगळे मारणे बरोबर नाही. आणखी चार गोष्टी होत्या.

पहिली, ऊन. रेडिएटर किती उष्णता टाकील हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर अंतर ७० चे. आपल्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की अंतर राहते ४५ चे. म्हणजे तोच रेडिएटर हिवाळ्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी उष्णता बाहेर टाकतो.

दुसरी, घाट. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर आहे. चढावर इंजिनाला जास्त डिझेल जाळावे लागते, आणि गाडी मात्र हळू चालते, म्हणून समोरून येणारा वारा कमी होतो. उंचावर पाणीही लवकर उकळते. चिखलदऱ्यावर उघड्या भांड्यात ते सुमारे ९६ अंशांनाच उकळेल. रेडिएटरच्या झाकणाची थोरवी येथे कळते. ते झाकण आतला दाब वाढवते आणि त्यामुळे उकळण्याचे तापमान साधारण २० अंशांनी वर जाते. झाकणाचा रबर फाटला की हे संरक्षण गेले. आणि तापल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, शंभराच्या वर असलेले पाणी तत्क्षणी उकळून उसळते. माझ्या मनगटावरचा डाग हा या नियमाचा पुरावा आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या मुलखाची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजल खारे आहे. ते पिकालाही मानवत नाही. दर्यापूरकडे फेरी गेली की आम्ही तेथल्याच हापशीचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत असू. पाणी तापते, वाफ जाते, क्षार राहतात. पाणी तापवायच्या गंजाच्या बुडाशी जसा पांढरा थर धरतो तसा तो इंजिनाच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. या थरातून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच कमी वाहते. आमच्या रेडिएटरच्या कित्येक नळ्या पार बुजल्या होत्या. 'कूलंट' हे पाणी गोठू नये म्हणून असते, आपल्याला त्याची गरज नाही, असा समज आहे. वस्तुतः ते उकळण्याचे तापमानही वाढवते आणि त्यातली द्रव्ये गंज व थर यांना आवरतात.

चौथी म्हणजे रुई. हंगामात कापसाच्या गाड्यांमागून फिरताना रुईचे तंतू आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण आत गादी तयार झालेली असते. पंखा फिरतो, हवा मात्र जात नाही.

भुईमुगाच्या शेंगेतले इंजिन

माझी चौकशी येथेच थांबायची. परंतु थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिन जास्त तापल्याचा दुसरा दाखला वाचायला मिळाला तो जपानी स्पोर्ट्स कारचा. माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनातही थर्मोस्टॅट बगलेची वाट बंद करण्याचे काम करतो, आणि तो काढला तर तेही इंजिन तापते. चिखलदऱ्याच्या घाटातली जीप आणि शर्यतीच्या रस्त्यावरची मोटार यांची चूक एकच निघावी याचे मला नवल वाटले, आणि मी त्या इंजिनाच्या मागे लागलो. तापमान सांभाळणे म्हणजे काय ते या इंजिनाइतके दुसरे कोणी स्पष्ट शिकवत नाही.

या इंजिनाची कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. एन. एस. यू. या कंपनीत १९५७ साली त्यांचे पहिले इंजिन फिरले आणि १९६४ साली त्यावर चालणारी पहिली मोटार बाजारात आली. १९६७ साली माझदाने 'कॉस्मो' ही स्पोर्ट्स कार काढली, १९७८ साली 'आर. एक्स. ७' आणि २००३ साली 'आर. एक्स. ८'. १९९१ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाने अशाच इंजिनावर जिंकली.

रोटरी इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नसतो, झडपाही नसतात. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढे आणा. मध्ये किंचित दबलेली. त्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तीन टोके भिंतीला सतत घासत असतात, त्यामुळे तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरेल तसे हे कप्पे लहानमोठे होतात; हवा आणि पेट्रोल घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर सोडणे ही चारही कामे पोकळीच्या वेगवेगळ्या बाजूंना होतात.

यातच त्याच्या तापाचे मूळ आहे. साध्या इंजिनात ज्या सिलिंडरमध्ये आग पेटते त्याच सिलिंडरमध्ये थोड्या वेळाने बाहेरची ताजी हवा येते. घर तेच, आळीपाळीने तापते आणि निवते. रोटरीत मात्र ताजी हवा नेहमी एकाच बाजूला येते आणि आग नेहमी दुसऱ्याच बाजूला पेटते. शेंगेची एक कुस कायम भाजत असते, दुसरी कायम गार. एकच धातू दोन बाजूंना दोन मापांनी फुगू पाहतो. त्यात माझदाच्या इंजिनात ही शेंग अल्युमिनियमची आणि तिच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या बिडाच्या. अल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. या दोघांच्या सांध्यात पाणी अडवणारी रबरी कडी असतात. इंजिन एकदा जरी बेसुमार तापले तरी ही कडी चिरडतात किंवा कडक होतात आणि पाणी आगीच्या कप्प्यात शिरते. आमची जीप तीन आठवड्यांत पुन्हा उभी राहिली. रोटरीचे बहुधा पूर्ण इंजिनच उघडून बांधावे लागते.

मधल्या त्रिकोणाला थंड ठेवण्याचे काम पाणी करू शकत नाही. ते तेलाला करावे लागते. म्हणून माझदाच्या स्पोर्ट्स कारमध्ये पाण्याच्या रेडिएटरखेरीज तेलाचा वेगळा रेडिएटरही असतो. शिवाय आगीचा कप्पा लांबट आणि चपटा असल्यामुळे भिंतींना जाणारी उष्णता जास्त, आणि धूरही अतिशय गरम.

अशा गाडीचे जाणते मालक काय करतात? तर अगदी साध्या गोष्टी. इंजिन गार असताना ते जोराने पळवत नाहीत. पाणी तापल्यावरही तेल तापेपर्यंत धीर धरतात. समोरून येणारा वारा रेडिएटरच्या कडेने निसटू नये म्हणून फटी बंद करतात. पळवून आल्यावर लगेच इंजिन बंद करत नाहीत, कारण बंद केले की पाण्याचा पंप थांबतो आणि धातूत साठलेली उष्णता जागच्या जागी चढते. आणि गाडीतल्या मूळ काट्यावर विसंबत नाहीत. पुष्कळ गाड्यांतला काटा असा बनवलेला असतो की तापमान बरेच वरखाली झाले तरी तो मध्यावरच राहतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ते खरे आकडे दाखवणारे वेगळे मीटर बसवतात. हे वाचताना मला घाटातले बाबांचे शब्द आठवले : काट्याले उशिरा समजते.

हे सारे परदेशातलेच आहे असेही नाही. अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिने बंगळुरूच्या दोन संस्थांसह 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन तयार केले. त्याचे वजन सुमारे ३० किलो. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ ते घेऊन 'निशांत' प्रथमच उडाले, समुद्रसपाटीपासून १.८ किलोमीटरपर्यंत चढले आणि ४० मिनिटांनी सुखरूप उतरले. एवढ्याशा वजनात एवढी ताकद, हा या इंजिनाचा गुण; आणि म्हणूनच त्याच्या तापाची काळजीही तितकीच अधिक.

आपल्यापुरते

येथपर्यंत वाचणाऱ्या पुष्कळांजवळ जीप नसेल, पण मोटारसायकल असेल. बहुतेकींना पाणी नसते. इंजिनावरच्या धातूच्या पात्यांवरून जाणारा वारा हाच त्यांचा रेडिएटर. तेव्हा राजकमल चौकात लाल दिव्यापाशी उभे असताना इंजिन उगाच गुरगुरवू नये. त्या वेळी वारा नसतो. पावसाळ्यानंतर पात्यांतला चिखल काढावा. तेल वेळेवर बदलावे, कारण ते नुसते वंगण नाही, तेही उष्णता वाहते.

पाण्याच्या गाडीसाठी चार गोष्टी पुरेत. थर्मोस्टॅट काढू नये. बिघडला तर नवा बसवावा. खारे पाणी घालू नये. उन्हाळ्यापूर्वी जाळी आतून धुवावी, झाकणाचा रबर आणि फॅनबेल्ट पाहावा. आणि गाडी तापलीच तर सावलीत थांबावे. पाणी गळत नसेल तर इंजिन थोडा वेळ सावकाश चालू ठेवावे, पाणी गेले असेल तर लगेच बंद करावे. झाकणाला मात्र इंजिन निवेपर्यंत हात लावू नये.

आता शेवट सांगतो. हे सगळे वाचून मी घरी गेलो आणि बाबांना म्हणालो, "बाबा, थर्मोस्टॅट पुन्हा बसवा." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुस्तकात लिव्हलं आहे काय?" मी हो म्हणालो. "मंग पुस्तक लिवणारा या घाटात गाडी घेऊन आला होता काय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एकवीस वर्षे घाट चढणाऱ्याला एकोणीस वर्षांच्या पोराने पुस्तक दाखवावे, हे मलाच जड जात होते. मी दुसऱ्या दिवशी आत्येभावाकडून नवा थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर आणला. आईकडून एक गंज मागून घेतला, त्यात पाणी घालून तो चुलीवर ठेवला आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने आत सोडला. आई, बहीण, बाबा, सगळे भोवती बसले. पाणी ६० वर आले, ७० वर आले, झडप मिटलेलीच. बाबा काही न बोलता पाहत होते. ८२ च्या पुढे ती कणभर हलली. मग हळूहळू, कोणी हात न लावता, पूर्ण उघडली, आणि खालची चकती खाली सरकली. गंज उतरवला, पाणी निवले, झडप पुन्हा मिटली. बाबांनी तो प्रयोग आणखी दोनदा करायला लावला.

"म्हणजे याले समजते त," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला. गेला उन्हाळा जीप घाटात एकदाही उकळली नाही. अजूनही ते काट्यापेक्षा वासावर जास्त भरवसा ठेवतात, आणि तसे करणे बरोबर आहे हे मला आता पुस्तकामुळेच कळले आहे. बचत गटाचे शेवटचे दोन हप्ते तेवढे उरले आहेत.